युरिया आणि ‘सेंद्रिय’ : परिभाषेतील एका गाठीविषयी

(विज्ञानाची मराठी या विषयावरील चर्चासत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साहित्याच्या अध्यापकाने रसायनशास्त्रातील एका पदार्थावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विषय ‘विज्ञानाची मराठी’ असा आहे. अशा विषयावर बोलताना आपण बहुधा शब्दांच्या याद्या करतो, अमुक शब्द संस्कृतप्रचुर आहे, तमुक बोजड आहे, असे म्हणतो आणि थांबतो. मला वाटले, एकच पदार्थ घ्यावा, त्याचे गुणधर्म साध्या मराठीत सांगून पाहावेत आणि भाषा कुठे पुरते, कुठे अडते, ते तपासावे. नंदगडच्या आणि एकूण खानापूर तालुक्याच्या बहुतेक शेतकरी घरांत पावसाळ्याच्या तोंडाला येणारा पदार्थ म्हणजे युरिया. तोच मी निवडला आहे.

आधी पदार्थाची ओळख करून घेऊ. युरिया हा ‘अमाइड’ या वर्गातला. आम्लाच्या रेणूचा एक ठरावीक तुकडा जाऊन त्या जागी अमोनियाचा तुकडा बसला की अमाइड तयार होते. मुंगीच्या डंखात जे आम्ल असते, त्या फॉर्मिक आम्लापासून होणारे फॉर्मामाइड हे सर्वांत साधे अमाइड. सोडावॉटरच्या बाटलीत जे कार्बनिक आम्ल असते, त्याच्या दोन्ही बाजूंना असा तुकडा बसला की युरिया होतो. मधे एक कार्बन, त्याला जोडलेला एक ऑक्सिजन आणि दोन बाजूंना दोन नायट्रोजन, प्रत्येकाजवळ दोन हायड्रोजन. आठ अणूंचा हा छोटा रेणू. त्याच्या वजनात नायट्रोजनचा वाटा सुमारे ४६ टक्के आहे. ४५ किलोच्या पोत्यात म्हणजे २० किलोंहून थोडा अधिक नायट्रोजन येतो. शेतकरी पैसे मोजतो ते या नायट्रोजनचे, ज्याला मराठी शेतीच्या भाषेत आपण ‘नत्र’ म्हणतो.

आता गुणधर्म. युरिया पांढरा, स्फटिकासारखा, कोरडा असताना बिनवासाचा. पाण्यात तो इतका विरघळतो की २० अंश तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात १०० ग्रॅमहून अधिक युरिया मावतो. विरघळताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो, म्हणून बादलीत युरिया कालवणाऱ्याच्या हाताला पाणी एकाएकी गार लागते. हा गारवा आमच्याकडच्या प्रत्येक शेतमजुराला ठाऊक आहे. अमोनिया आम्लारिधर्मी असतो, पण त्याच्यापासून झालेले हे अमाइड जवळजवळ उदासीन असते, कारण नायट्रोजनजवळची जी इलेक्ट्रॉनांची जोडी एरवी मोकळी असते, ती इथे शेजारच्या कार्बन-ऑक्सिजनच्या जोडीकडे ओढली गेलेली असते. सुमारे १३३ अंशाला तो वितळतो आणि तापवत राहिले तर विघटू लागतो. त्यातून अमोनिया निघून जातो आणि दोन रेणू मिळून ‘बाययुरेट’ होते. हे बाययुरेट पिकाला, विशेषतः पानांवरच्या फवारणीत, अपाय करते. म्हणून १९८५च्या खत नियंत्रण आदेशात त्याचे प्रमाण १.५ टक्क्यापेक्षा जास्त नसावे असे ठरवून दिले आहे.

आणखी एक गुणधर्म मुद्दाम शेवटी ठेवला. हवेतली ओल एका मर्यादेपलीकडे गेली की युरिया ती ओढून घेतो. ३० अंश तापमानाला ही मर्यादा ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या आसपास आहे. खानापूरकडच्या जुलै महिन्यात हवा याहून कितीतरी ओली असते. उघडे राहिलेले पोते आधी दमट होते, मग गठ्ठा धरते आणि शेवटी त्याला पाणी सुटते. पाठ्यपुस्तकात या गुणधर्माला ‘आर्द्रताशोषी’ म्हणतात. शेतकरी म्हणतो, ‘युरिया पाघळला’. गूळ पाघळतो, मीठ पाघळते, तसा युरिया पाघळतो. पाघळणे या एका क्रियापदात ओल घेणे, मऊ पडणे आणि हळूहळू पाणी होणे या तिन्ही पायऱ्या आहेत. ‘आर्द्रताशोषी’ यात पहिलीच पायरी आहे. परिभाषा करणाऱ्यांनी असे क्रियापद हाताशी असताना विशेषणाच्या शोधात का जावे, असा प्रश्न मला पडतो.

आता शब्दांकडे वळू. सीमाभागात राहणाऱ्या आम्हा लोकांना एक सोय आहे. एका पदार्थाला दोन भाषांनी कसे हाताळले, ते आम्हाला रोज शेजारी-शेजारी दिसते. नत्र, स्फुरद, पालाश ही मराठी कृषिशास्त्राची त्रयी. कन्नडमध्ये नत्राला ‘सारजनक’ म्हणतात आणि स्फुरदाला ‘रंजक’. रासायनिक खत म्हणजे ‘रसगोब्बर’. या ‘गोब्बर’चे आणि आपल्या ‘गोवरी’चे कूळ एकच आहे. कारखान्यातल्या खताला नाव देतानाही कन्नड शेतकऱ्याने शेणाचा शब्द सोडला नाही. कार्बनला कन्नड पाठ्यपुस्तकात ‘इंगाल’ म्हणतात. हा शब्द ऐकला की मराठी माणसाला चुलीतला इंगळ आठवतो आणि ते योग्यच आहे, कारण दोन्ही शब्द ‘अंगार’च्या घरातले. आपण मात्र इंगळाला चुलीत ठेवले आणि शास्त्रात ‘कर्ब’ आणि ‘कार्बन’ घेतले.

खताला आमच्या भागात आणि कोल्हापूरकडेही मराठी शेतकरी ‘लागवड’ म्हणतो. ‘भाताला लागवड टाकली’ म्हणजे रोपे लावली असे नव्हे, खत घातले. पुण्यामुंबईचा माणूस हे वाक्य ऐकून गोंधळतो. कृषिखात्याच्या मराठी पत्रकातली ‘लागवड’ आणि शेतकऱ्याची ‘लागवड’ एक नाही, हे पत्रक लिहिणाऱ्याला माहीत नसेल तर घोटाळा ठरलेला.

पण हे किरकोळ घोटाळे झाले. ज्या गाठीसाठी मी हा विषय घेतला, ती दुसऱ्याच शब्दात आहे. तो शब्द ‘सेंद्रिय’.

दहावी होऊन अकरावीला विज्ञान घेतलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाची कल्पना करा. रसायनशास्त्रात तो शिकतो की युरिया हे सेंद्रिय संयुग आहे. घरी वडील सांगतात की आता सेंद्रिय शेती करायची, युरिया बंद. मुलगा म्हणतो, युरिया तर सेंद्रिय आहे. वडील म्हणतात, काय शिकवतात तुम्हाला कॉलेजात! दोघांपैकी चूक कोणीच नाही. एकच शब्द दोन शास्त्रांनी दोन अर्थांनी वापरला आणि युरिया नेमका त्या दोन अर्थांच्या मधोमध सापडला.

हा गोंधळ युरियाच्याच बाबतीत इतका ठळक का व्हावा, याचे कारण इतिहासात आहे. युरिया प्रथम माणसाला सापडला तो मूत्रात. त्याचे नावही मूत्राच्या ग्रीक शब्दावरून आले. १७७३ साली रुएल या फ्रेंच रसायनज्ञाने तो मूत्रातून वेगळा काढला. त्या काळी असे मानत की सजीवांच्या शरीरात होणारे पदार्थ सजीवच करू शकतात. त्यासाठी एक जीवनशक्ती लागते आणि ती प्रयोगशाळेच्या काचेत नसते. सजीवांच्या इंद्रियांतून आलेले ते ‘ऑर्गॅनिक’, खनिजांतून आलेले ते ‘इनऑर्गॅनिक’. आपल्या पूर्वसुरींनी याचे अगदी नेटके भाषांतर केले : इंद्रियांसहित ते सेंद्रिय, इंद्रियांवाचून ते निरिंद्रिय किंवा असेंद्रिय. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांसारख्यांनी रसायनशास्त्र मराठीत आणले, तेव्हा अशा जोड्या घडवण्याचे काम किती कष्टाचे असेल याची आज आपल्याला कल्पना येणार नाही.

पण ज्या अर्थावर हा शब्द उभा होता, तो अर्थ युरियानेच मोडला होता. १८२८ साली जर्मनीत फ्रीडरिश व्होलर यांनी चांदीच्या सायनेट क्षारावर नवसागराच्या द्रावणाची क्रिया केली. नवसागर म्हणजे तोच, जो कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकतो आणि पांढरा धूर उठतो. त्यांना हवे होते अमोनियम सायनेट. हाती आले ते पांढरे स्फटिक मूत्रातल्या युरियाशी सर्व गुणधर्मांत जुळले. मूत्रपिंडावाचून, प्राण्यावाचून युरिया तयार झाला होता. जीवनशक्तीचा सिद्धान्त त्या एका दिवसात कोसळला, असे जे कधीकधी लिहिले जाते ते खरे नाही. त्याला पुढे आणखी बरीच वर्षे आणि बरेच प्रयोग लागले. पण सेंद्रिय आणि निरिंद्रिय यांच्या मधल्या भिंतीला पहिले भगदाड पडले, ते याच रेणूमुळे.

कालगणनेचा एक योग सांगतो. व्होलर यांच्या प्रयोगानंतर तीनच वर्षांनी, १८३१च्या जानेवारीत, आमच्या नंदगडला संगोळ्ळी रायण्णांना इंग्रजांनी फाशी दिले. त्याच साली मुंबईत मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. म्हणजे मराठी शब्द कोशात बांधले जात होते, त्याच सुमारास ‘सेंद्रिय’ या कल्पनेचा मूळ अर्थ युरोपात सुटू लागला होता. आपण तो शब्द घेतला तेव्हा त्याच्या आतला अर्थ बदलत चालला होता.

पुढे रसायनज्ञांनी अर्थ बदलून घेतला. आज ऑर्गॅनिक म्हणजे कार्बनची संयुगे, मग ती गाईच्या पोटात होवोत की कारखान्यात. शब्द जुनाच राहिला. विसाव्या शतकात शेतीतील विचारवंतांनी तोच शब्द उचलला आणि त्याला वेगळा अर्थ दिला : कारखान्यात बनवलेली खते आणि औषधे टाळून, जमिनीतल्या सजीवांच्या आधाराने केलेली शेती. आपल्या देशाच्या सेंद्रिय उत्पादनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमांत कारखान्यातला युरिया बसत नाही. आणि आपण समीक्षकही मागे राहिलो नाही. कोलरिजच्या मार्गाने आलेली ‘सेंद्रिय एकात्मता’ आम्ही वर्गात रोज शिकवतो, म्हणजे कवितेचे अवयव झाडाच्या फांद्यांसारखे आतून वाढतात, बाहेरून जोडलेले नसतात. एका शब्दावर आता तीन शास्त्रे बसली आहेत.

इतर भाषांनी काय केले? कन्नडनेही एकच शब्द ठेवला, ‘सावयव’. रसायनशास्त्रही सावयव आणि शेतीही सावयव. म्हणजे आमच्याकडचा कन्नड विद्यार्थीही त्याच गाठीत अडकतो. हिंदीने मात्र वाटणी केली. रसायनशास्त्र ‘कार्बनिक’ आणि शेती ‘जैविक’. हिंदी माध्यमातल्या मुलाला युरिया कार्बनिक आहे पण जैविक नाही, हे सांगायला अर्धे वाक्य पुरते. सीमाभागात याची गुंतागुंत आणखी वाढते, कारण मराठीत आणि कन्नडमध्ये ‘जैविक खत’ म्हणजे जिवाणूंचे खत, ॲझोटोबॅक्टर किंवा रायझोबियम. पिशवीवर हिंदीत ‘जैविक’ छापलेले असते, दुकानदार कन्नडमध्ये ‘सावयव’ म्हणतो आणि घेणारा मराठी शेतकरी मनात ‘सेंद्रिय’ की ‘जिवाणू’ असा हिशेब करत राहतो.

आपण म्हणाल, शब्दांच्या या काथ्याकुटाने पिकाला काय फरक पडतो? पडतो. शब्द अंधुक असला की पदार्थाचा गुणधर्म दिसेनासा होतो. याची दोन-तीन उदाहरणे देतो.

आमच्या भागात जुनी रीत आहे, शेतात बकरी बसवायची. धनगर आपला कळप रात्रभर रानात बसवतो आणि शेतकरी त्याला धान्य किंवा पैसे देतो. मेंढ्यांच्या मूत्रातला बराचसा नायट्रोजन युरियाच्याच रूपात असतो. मेंढीच्या मूत्रातला युरियाचा रेणू आणि गोव्यात झुआरीनगरला किंवा अलिबागजवळ थळच्या कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून तयार झालेला रेणू, यांत तिळभर फरक नाही. रेणूला आपला जन्म आठवत नाही. फरक आहे तो सोबतीत आणि मात्रेत. मेंढीसोबत लेंडी येते, कुजणारा काडीकचरा येतो, स्फुरद आणि पालाश येते, गांडुळांना खाद्य मिळते. पोत्यातून येतो फक्त युरिया, तोही एकदम भरपूर. सेंद्रिय शेतीचा खरा युक्तिवाद इथे आहे : जमिनीच्या पोताचा, तिच्यातल्या सजीवांचा, शेतकऱ्याच्या खर्चाचा. तो युक्तिवाद मोलाचा आहे. पण ‘युरिया हे रसायन आहे आणि गोमूत्र रसायन नाही’ अशा वाक्यावर तो उभा केला, तर पहिल्याच विज्ञानाच्या विद्यार्थ्यासमोर तो कोसळतो आणि त्यासोबत त्यातले खरेही वाहून जाते.

दुसरे उदाहरण भाताचे. युरिया जमिनीत पडला की ‘युरिएझ’ नावाचे विकर त्याचे तुकडे करते आणि अमोनिया मोकळा होतो. हे विकर जेम्स सम्नर यांनी १९२६ साली, आपल्या अबईच्या जातकुळीतल्या एका शेंगेच्या बियांतून स्फटिकरूपात वेगळे केले. शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळालेले ते पहिले विकर, आणि या कामासाठी त्यांना १९४६ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गोठ्याचा जो उग्र वास येतो, तो याच क्रियेचा. आता पाहा : तुकडे होण्याआधी युरियाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. वाहते पाणी असेल तर तो पाण्याबरोबर बांधाबाहेर जातो. तुकडे झाल्यावर अमोनियम म्हणून माती त्याला धरते, पण तो वरच पडून राहिला तर हवेत उडतो. म्हणजे वरून विस्कटलेला युरिया दोन वाटांनी निसटतो.

यावर कोकणात एक उपाय रुजला. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत युरिया आणि डीएपी यांच्या सुमारे २.७ ग्रॅम वजनाच्या ब्रिकेटी चार चुडांच्या मधोमध, हाताने चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायच्या असतात. खोल चिखलात अमोनियमला माती धरून ठेवते आणि ते उडत नाही. ही पद्धत पसरण्यात तिच्या नावाचाही वाटा आहे, असे मला वाटते. ‘चारसूत्री’ : भाताचा तूस-पेंढा शेतात परत, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि ब्रिकेट. चार बोटांवर मोजावे असे हे नाव. त्यात पाला आहे आणि युरियाही आहे, म्हणून सेंद्रिय की रासायनिक हा वाद तिथे उभाच राहत नाही. पदार्थाचा गुणधर्म आधी आणि त्याचे पक्ष नंतर.

तिसरे उदाहरण जनावरांचे, आणि इथे गाठ जीवघेणी होऊ शकते. भाताच्या कोरड्या पिंजराची प्रत वाढवण्यासाठी १०० किलो पिंजराला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि ते तीन आठवडे हवाबंद दाबून ठेवायचे, अशी पद्धत पशुवैद्यक सांगतात. त्या मुदतीत युरियाचा अमोनिया होतो आणि पिंजर मऊ पडते. पण तोच युरिया जनावराने थेट चाटला किंवा त्याचे पाणी प्यायले, तर तीच क्रिया पोटात झपाट्याने होते, अमोनिया रक्तात उतरतो आणि काही तासांत जनावर दगावते. ‘युरिया जनावराला चालतो’ हे वाक्यही खरे आणि ‘युरिया विष आहे’ हेही खरे. मधले तीन आठवडे, ४ किलो आणि हवाबंद हे शब्द ज्या भाषेत सांगितले जातात, ती भाषा गोठ्यातल्या बाईला कळली पाहिजे. आमच्या भागात गोठा बहुतेक बायकाच सांभाळतात. २०२२ पासून युरिया कोणत्याही कंपनीचा असो, पोत्यावर ‘भारत’ हे एकच नाव येते. नाव एक झाले, ते ठीक. पण सूचना वाचणाऱ्याच्या भाषेत पोहोचतात का, हा प्रश्न उरतोच. तो खानापूरच्या मराठी घराला जसा आहे, तसाच सोलापूर किंवा सांगलीच्या सीमेवरच्या कन्नड घरालाही आहे. भाषिक अभिमानाच्या आधी मी हा प्रश्न ठेवीन.

मित्रहो, मग करायचे काय? माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली : रसायनशास्त्रातून ‘सेंद्रिय’ हा शब्द सन्मानाने निवृत्त करावा. हे मी नवे सांगत नाही. मराठी विश्वकोशाने ‘कार्बनी’ आणि ‘अकार्बनी’ हे शब्द फार पूर्वीपासून वापरले आहेत आणि महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात ‘कार्बनी संयुगे’ असा पाठ आहे. तरीही वर्गात, वर्तमानपत्रात, स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकांत ‘सेंद्रिय रसायनशास्त्र’ चालूच आहे. युरिया कार्बनी आहे पण सेंद्रिय खत नाही, असे म्हणता येऊ लागले की त्या बापलेकांचे भांडण मिटले. ‘सेंद्रिय’ शेतीकडे राहू द्यावा, कारण लोकांच्या जिभेवर तो तिथे रुजला आहे. समीक्षेतल्या ‘सेंद्रिय एकात्मते’ची चिंता आम्ही अध्यापक करू.

दुसरी : युरिया, अमाइड, अमोनिया ही नावे जशीच्या तशी ठेवावीत. पदार्थाचे नाव परके असले तरी भाषेला बाध येत नाही. बाध येतो तो पदार्थ काय करतो हे सांगणारी क्रियापदे परकी झाली की. पाघळणे, विरघळणे, गठ्ठा धरणे, उडून जाणे, निथळणे, करपणे : युरियाचे सारे चरित्र या सहा क्रियापदांत सांगता येते. परिभाषाकोशात नामांच्या याद्या असतात. क्रियापदांची एक यादीही आता व्हायला हवी आणि ती शेतात, गोठ्यात, भट्टीवर जाऊन व्हायला हवी.

तिसरी : सीमाभागासाठी मराठी-कन्नड कृषिशब्दांचा एक छोटा कोश अकादमीने करावा, दोन्ही लिप्यांत. त्यात नत्राशेजारी सारजनक असावा, लागवडीचा स्थानिक अर्थ असावा, पिंजर असावे, सावयव आणि सेंद्रिय एका ओळीत असावेत. हे काम दोन्ही भाषांच्या अभ्यासकांनी एकत्र बसून केले तर त्याचा उपयोग दुप्पट होईल.

व्होलर यांना १८२८ साली मिळालेले स्फटिक त्यांनी गुणधर्म तपासून ओळखले. पदार्थ कुठून आला, यापेक्षा तो कसा वागतो, हे त्यांनी प्रमाण मानले. परिभाषेलाही हीच कसोटी लावावी, असे मला वाटते. शब्द संस्कृतातून आला, कन्नडमधून आला, इंग्रजीतून आला की बांधावरून, हे नंतर पाहू. तो पदार्थाच्या वागण्याशी जुळतो का आणि वापरणाऱ्याला कळतो का, हे आधी पाहू.